मागचा पडदा हलत होता

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळ

माझं आयुष्य आज संध्याकाळी गच्चीवर बदललं. वर्षाली व्हिडिओ कॉलवर "हेमराज, मले तुले एक सांगाचं होतं" एवढं म्हणाली आणि अडकली. तोंड अर्धवट उघडं, एक हात कपाळाला. मग कॉल कट.

कारण उघड आहे. घरचं ब्रॉडबँड.

नोंद म्हणून लिहून ठेवतो. त्याआधी मी तिला रजतबद्दल विचारत होतो. रजत म्हणजे तिच्या नर्सिंगच्या बॅचचा. तिच्या प्रत्येक फोटोला पहिला लाइक त्याचा असतो. मी शांतपणेच विचारत होतो. खालून आईनं "काऊन ओरडून राह्यला रे" म्हटलं, पण गच्चीवर मोठ्यानं बोलावंच लागतं. हवा असते.

गंमत म्हणजे तिचा चेहरा अडकला, पण मागचा पडदा कूलरच्या हवेनं हलत होता. पिवळ्या गाऊनमधली एक मुलगी बादली घेऊन गेली आणि भरून परतसुद्धा आली. रुपा हे ऐकून हसत बसली. रुपा माझी बहीण, बारावी सायन्स, तिला नेटवर्किंगचं काय कळतं. बॅकग्राऊंडचा डेटा हलका असतो, चेहऱ्याचा जड. हलका आधी पोचतो. मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं असलं तरी या विषयात पास आहे. म्हणजे, परीक्षेला बसलो असतो तर झालो असतो.

निरीक्षण: नेट गेल्या आठवड्यापासूनच हळू आहे. त्याच आठवड्यात मी बाज गच्चीवर हलवली, कारण खाली प्रायव्हसी नाही. मच्छरदाणी पण मीच बांधली. तीन टोकं टाकीच्या पाइपला. चौथ्याला काही नव्हतं, तर पोलवरून एक काळी वायर येते कसलीतरी, ती खाली ओढली, दुमडली आणि दोरीनं करकचून बांधली. वादळ आलं तरी हलणार नाही. कॉलेजमध्ये असं प्रॅक्टिकल कोणी शिकवत नाही. म्हणून तर सोडलं.

निश्चय: उद्यापासून नेटच्या मुळाशी जायचं.

१४ एप्रिल, सोमवार

बाबांच्या फोनवरून कैलासला फोन लावला. (माझा रिचार्ज बाबांनी कॉलेज सोडल्याच्या दिवसापासून बंद केलाय. म्हणून घरचं वायफाय हेच काय ते माझं जग.) कैलास म्हणजे आमच्या नालवाडीचा नेटवाला. वायर त्याची, तक्रारही त्याच्याकडेच. तो म्हणे, भौ, आज चौदा एप्रिल हाय, मी मिरवणुकीत हावो, परवा येतो. हे मान्य. आज आमच्या गल्लीत घरात कोणीच नव्हतं. मीही चौकात जाऊन बुंदी खाऊन आलो.

दुपारी वर्षालीचा मेसेज. तिचा आतेभाऊ धर्मेंद्र नागपूरला एका कंपनीत मॅनेजर आहे. दवाखान्यांच्या बिलांच्या तक्रारी फोनवर ऐकायचं काम. तिनं माझ्यासाठी शब्द टाकलाय. पंचवीस तारखेला सकाळी अकरा वाजता ऑनलाइन इंटरव्ह्यू. पुढचं जसंच्या तसं उतरवतो: "तुहा इंटरव्ह्यू निघाला त मी घरी सांगीन. घरचे स्थळं पाहून राह्यले. आता हे शेवटचं हाय हेमराज."

शेवटचं. म्हणजे यानंतर काही अडचणच नाही.

बिलांच्या तक्रारी ऐकणं हे काय काम आहे का, असं मनात आलं. पण प्रेमात माणूस लहान होतो. होईन.

तयारीचा क्रम ठरवला. आधी नेट. नेट झालं की प्रश्नोत्तरं. प्रश्नोत्तरांना दोन दिवस पुरे.

१६ एप्रिल, बुधवार

कैलास आला. आला म्हणजे कूलरसमोर बसला. राऊटरकडे बघितलं, लाइट बघितली, "बंद करून चालू करजो" म्हणाला. हे मी सोळा वेळा केलंय. मग आईनं ताक दिलं, ते प्यायला. दुसरा ग्लास मागितला. वर जाऊन वायर पाहतो म्हणाला, तर दारापर्यंत गेला, ऊन बघितलं आणि परत कूलरसमोर आला. म्हणे, ऊन उतरलं की येतो.

मी त्याला विचारलं की माझ्या लग्नाचा प्रश्न आहे, ऊन कधी उतरेल, जूनमध्ये? तो म्हणे, भौ, मले पत्रिका देजो मंग.

मी बोललो. बरंच बोललो. त्यानं ग्लास खाली ठेवला आणि निघून गेला. मी दार आपटलं, तर भिंतीवरचा देवाचा फोटो तिरपा झाला. आई म्हणते, दर वेळी तू दार आपटतं आणि दर वेळी मी फोटो सरळ करतो, तुले कंटाळा येत नाई का.

मला कसा येईल. फोटो ती सरळ करते.

१८ एप्रिल, शुक्रवार

मुळाशी पोचलो.

आमच्या वायफायवर आमचे चार फोन सोडून आणखी अकरा जण लटकलेले आहेत. अकरा. आईला विचारलं तर ती गोंधळलीसुद्धा नाही. शेजारच्या शोभाबाईंनी मागितला पासवर्ड, दिला. त्यांच्या भाचीनं मागितला, दिला. आई म्हणते, दारात आलेल्याले पाणी देतो, तसं ते. नाई कसं म्हणाचं?

पासवर्ड आहे वर्षालीचं नाव आणि तिची जन्मतारीख. म्हणजे गेले कित्येक महिने आमची अख्खी गल्ली वर्षालीचं नाव टाइप करून सीरियल बघते आहे. शोभाबाई आईला म्हणाल्या पण होत्या म्हणे, पोरगी कोणती हाय ते सांगत नाई काऊन, आम्ही काय खाऊन टाकतो का तिले.

दुपारी पासवर्ड बदलला. खूप बरं वाटलं. कोणीतरी सत्ता हातात घ्यावी लागते.

१९ एप्रिल, शनिवार

पासवर्ड परत पहिलाच ठेवला.

हा माझा पराभव नाही. परिस्थिती अशी की आईच्या कुरड्या सुरू आहेत. गहू भिजून चीक तयार. आणि सोऱ्या शोभाबाईंचा. आमच्या सोऱ्याची दांडी मागच्या वर्षी मोडली (माझ्या हातून, पण तो सोऱ्याच तसला होता). सकाळी सोऱ्या आणायला गेलेल्या आईला शोभाबाई म्हणाल्या, सापडत नाई ना कोकिळाबाई, कुठं ठेवला देव जाणे. नेट पण सापडून नाई राह्यलं आज.

आईनं घरी येऊन माझ्याकडे नुसतं बघितलं. भांडं भरून चीक आंबत होता.

पासवर्ड सांगितल्यावर सोऱ्या लगेच सापडला.

स्पीडमध्ये मात्र काडीचा फरक नाही. म्हणजे अकरा जण दोषी नव्हते. हे मी त्यांना सांगणार नाही.

२० एप्रिल, रविवार

कॉल लागला. वर्षालीनं विचारलं, इंटरव्ह्यूची तयारी झाली का, धर्मेंद्रदादा विचारून राह्यला होता. मी म्हटलं, धर्मेंद्रदादाला एवढी काय घाई. ती म्हणे, कॉलेज काऊन सोडलं हे विचारलं, त काय सांगशील? हे तिनं विचारावं? तिनं? मी सांगितलं तिला. एचओडीचं सांगितलं, हजेरीचं सांगितलं, एचओडीच्या केबिनची काच फुटली त्यात माझा दोष कसा नव्हता ते सांगितलं, बाबांचं, रजतचं.

परत अडकली. या वेळी हनुवटी तळव्यात. मी बोलत होतो आणि ती तशीच. एकदा पापणी लवली. याला पॅकेट लॉस म्हणतात, एखादी फ्रेम सुटून येते.

मी बोलायचा थांबलो, तर तेवढ्यात नेट सुधारलं. "झालं?" म्हणाली. म्हणजे नेट झालं का, असं असणार. मी म्हटलं, नाही, पण मी मागे लागलोय. ती म्हणे, ठीक हाय, ड्यूटी आहे.

जेवताना रुपा म्हणाली, दादा, सावंगी काय लंडनले हाय? गाडी काढ, दहा मिनिटात तिच्यासमोर उभा राह्य. नेटच नाई लागत.

रुपाला सगळं माहीत नाही. वर्षालीनंच सांगितलंय, गेटवर येजो नको. फेब्रुवारीत मी तिच्या सावंगीच्या होस्टेलवर गेलतो. वॉचमन म्हणे, नाव लिहा. लिहिलं. मग 'कोण लागता' असा रकाना होता. तिथं मी खरं ते लिहिलं, होणारा नवरा. तो हसला. पुढे जे झालं ते त्याच्या हसण्यामुळे झालं. खुर्ची प्लॅस्टिकची होती, तशीही मोडलीच असती.

तेव्हापासून आमचं नातं ब्रॉडबँडवर आहे. म्हणूनच ब्रॉडबँड महत्त्वाचं. हे घरात कोणाला समजत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

काल पूर्ण दिवस कंपनीच्या मोठ्या ऑफिसला इंग्रजीतून तक्रार लिहिली. दोन पानं. 'mental agony' हा शब्द तीन ठिकाणी. वाचून मलाच भरून आलं. पाठवायला गेलो तर नेट नाही. गोल गोल फिरत राहिलं. शेवटी मीच झोपलो.

आज राऊटरच्या जागेवर संशोधन. टीव्हीमागून काढून कूलरवर ठेवला. पाणी उडालं. फ्रिजवर ठेवला, तिथं हलतो. शेवटी देव्हाऱ्याच्या फळीवर. तिथून चांगली रेंज यायला पाहिजे, उंच आहे. संध्याकाळी बघतो तर आईनं दिवाबत्ती करताना त्यालाही कुंकू लावलेलं. चौकशी केली तर म्हणते, आता देवाजवळ ठेवला त लावलं, एवढं काय.

बाबा आर्वी डेपोतून आले. ते तिथं एसटीच्या गाड्या दुरुस्त करतात आणि माणसांशीही गाडीसारखंच बोलतात. राऊटरचं कुंकू बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, शुक्रवारी तो बोलणार हाय का तू?

उत्तर देणार होतो. पण बाबांसमोर आवाज चढवला की ते पेपर उघडतात. त्यांना पेपर उघडू द्यायचा नाही म्हणून गप्प बसलो. तर त्यांनी उघडलाच.

निश्चय: उद्या प्रश्नोत्तरं.

२३ एप्रिल, बुधवार

डोकं दुखतं. ऊन फार. प्रश्नोत्तरं उद्या एकदम. ताजी राहतात.

मेल सकाळी गेला एकदाचा.

२४ एप्रिल, गुरुवार

झालं. जिंकलो.

दुपारी बाराच्या सुमारास नेट अचानक असं सुटलं की डोळ्यांवर विश्वास बसेना. व्हिडिओ काच पुसल्यासारखा. माझ्या मेलचा परिणाम. दोन पानं वाचून तिकडे कोणाची तरी खुर्ची हलली असणार. इंग्रजीतून लिहिलं की असं होतं.

रुपाचं म्हणणं वेगळं. तिचं असं की दुपारी चिमण्या कुरड्यांवर तुटून पडल्या, तेव्हा आईनं माझ्या बाजेची मच्छरदाणी सोडून कुरड्यांवर पांघरली. दोरी सुटली, दुमडलेली वायर सरळ झाली, अन् तीच नेटची वायर हाय. "दादा, तूच नेटच्या गळ्याले फास लावून बसला होता. त्याच्यातून उजेड जाते म्हणे, बारीक काचेचा धागा राह्यतो. दुमडला का उजेड थांबला." हे तिला कुठून कळलं विचारलं तर म्हणे, बारावीच्या पुस्तकात आहे, तू पण शिकला असशील.

योगायोग. मेलही त्याच वेळी वाचला गेला असणार. शिवाय वायर इतकी नाजूक करावीच कशाला? हा वायरीचा दोष. दुसरा मेल लिहावा लागेल.

दिवसभर स्पीड टेस्ट केली. दर वेळी आकडा मोठा. शेजारून शोभाबाईंनी ओरडून सांगितलं, हेमराज, आज लय भारी चालून राह्यलं रे बाप्पा. बघा. गल्ली मानते.

वर्षालीला कॉल लावून दाखवावं म्हटलं. उचलला नाही. ड्यूटी असणार.

प्रश्नोत्तरं राहिली. पण आता गरजच काय. समोरच्याला मी स्पष्ट दिसलो की काम झालं.

२५ एप्रिल, शुक्रवार. सकाळ

निळा शर्ट. केस नीट. आईला बजावलं की समोरच्या खोलीत कोणी यायचं नाही. कूलर मागे ठेवलाय, म्हणजे घाम दिसणार नाही. नेट पूर्ण. दोन वर्षांनी वर्षाली आणि मी हे आठवून हसू.

२५ एप्रिल. दुपार

झाला.

सगळं लिहायला पाहिजे, कारण नंतर मी हे वेगळं आठवीन.

धर्मेंद्र चांगलं बोलला सुरुवातीला. वर्षालीने खूप सांगितलंय तुमच्याबद्दल, म्हणाला. मग एक प्रश्न विचारला. समजा एका बाईचा नवरा दवाखान्यात भरती आहे, बिल चुकलंय, आणि ती तुमच्यावर फोनवर ओरडते आहे. तुम्ही काय कराल?

मी म्हटलं, तिला म्हणेन आधी आवाज खाली करा.

त्यानं काहीतरी लिहून घेतलं. मग कॉलेज का सोडलं ते विचारलं. मी सुरू झालो. एचओडी. हजेरी. काच. माझा आवाज मलाच ऐकू येत होता, आणि तो लिहायचा थांबलेला दिसत होता. त्याच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसत होती, इतकं नेट चांगलं. एरवी असं काही झालं की नेट जायचं. आज जात नव्हतं.

तेव्हा मी अडकलो.

म्हणजे मीच अडकलो. तोंड उघडं ठेवून, हात वर ठेवून, पापणी न हलवता बसून राहिलो. हे कुठून सुचलं मला माहीत नाही. सुचलंच. म्हटलं, तो वैतागून कट करेल, मग नेटचं कारण सांगून दुसरी तारीख मागू.

तो "हॅलो, हॅलो" म्हणाला. मी हललो नाही.

तेवढ्यात मागून आई आली. परातीत कुरड्या. हेमराज, शोभाबाईचा सोऱ्या कुठं ठेवला रे, त्याहीले पाहिजे, म्हणाली. मी हललो नाही. तिनं जवळ येऊन माझ्या तोंडासमोर हात फिरवला. "काय झालं रे बाप्पा? काऊन असा बसला?" परात खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावला. ऊन लागलं का पोराले, असं ती मोबाइलकडे बघून विचारत होती. धर्मेंद्रलाच.

धर्मेंद्र आईला म्हणाला, नाही काकू, ते बरे आहेत. मग मला म्हणाला, अगदी हळू, "भाऊ, तुमच्या मागचा पडदा हलतोय."

कॉल त्यानं कट केला.

२५ एप्रिल. संध्याकाळ

वर्षालीचा कॉल आला. तिनं स्वतःहून केला.

नेट एकदाही गेलं नाही. मी वाट बघत होतो.

तिला विचारलं. ती पिवळी गाऊनवाली, बादलीवाली, ती कशी चालत होती मग. ती थोडा वेळ काही बोलली नाही. अडकली नव्हती, फक्त बोलली नाही. आता मला फरक कळतो. मग म्हणाली, "तू ओरडला का मी थांबून जात होती. काही बोलली त तू अजून ओरडतो. थांबली त थकतो. होस्टेलातल्या पोरी म्हणे, सांगून टाक. मले सांगता नाई आलं. नेटवर टाकून राह्यली होती मी पण."

कधीपासून, विचारलं. फेब्रुवारीपासून, गेटचं झालं तेव्हापासून.

मग जे सांगाचं होतं ते तिनं सांगितलं. तेरा तारखेचं वाक्य पूर्ण केलं. घरी ती माझं नाव सांगणार नाही. स्थळाकडचे तिला पाहायला रविवारी येणार आहेत, ती नाही म्हणणार नाही. "मले भीती वाटते तुही, हेमराज. आधी प्रेम वाटे, मंग दोन्ही वाटे. आता भीतीच वाटते."

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर ती परत थांबली असती, आणि मला ते बघायचं नव्हतं. इतकं स्वच्छ दिसत होतं की टिकली थोडी सरकलेली तेही दिसलं. ते सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

"ठेवतो मी," असं तीच म्हणाली, आणि ठेवला.

२६ एप्रिल, शनिवार

रुपा सकाळपासून माझ्याशी चांगली वागते आहे. वाईट लक्षण.

गच्चीवर जाऊन वायर बघितली. जिथं गाठ होती तिथं पांढरा वळ पडलाय. चालते तरी.

कैलास आला. भौ, वरच्या ऑफिसात तक्रार केली म्हणे तुम्ही, मले बोलणे बसले. मी त्याला ताक दिलं. तो बावरला. दुसरा ग्लास त्यानं मागितला नाही. मीच दिला.

बाबा डेपोला जाताना दारात थांबले. पेपर हातात होता, उघडला नाही. बराच वेळ चप्पल घालत होते. मग म्हणाले, कॉलेजचा फॉर्म जूनमध्ये निघते. एवढंच. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

पासवर्ड बदलायला बसलो होतो. मग आठवलं, अख्ख्या गल्लीला नवा सांगत फिरावं लागेल, कशामुळे बदलला तेही. राहू दिला. आज संध्याकाळी शोभाबाई तिचंच नाव टाइप करून सीरियल बघतील.

आई आतून विचारते आहे, सोऱ्या सापडला का. बाजेखाली होता. चौथं टोक उडू नये म्हणून मच्छरदाणीवर मीच ठेवला होता वजनाला, परवा रात्री.

धुऊन पुसून घेतलाय. परत करून येतो. मग पुढे कुठे जायचं ते ठरवलेलं नाही. गाडीची चावी खुंटीलाच ठेवतो आहे, म्हणजे सावंगीकडे जाणं होणार नाही.

दार हळू लावीन. आपटलं तर फोटो हलेल, आणि आई परत येऊन कपाळाला हात लावेल.